मेल सर्व्हरला स्पॅम फिल्टर कुठे जोडायचा: दारात, रांगेत की पेटीत?

रांगणा (धागाकर्ता)

पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर) आणि डव्हकॉट (मेल पेटीत ठेवून वापरकर्त्याला देणारा) बसवून झालं की पुढचा प्रश्न स्पॅमचा. त्यावर शोधायला गेलं की सगळीकडे वाद एकच: स्पॅम ओळखणाऱ्या फिल्टरांपैकी स्पॅमअसॅसिन चांगलं की आरस्पॅमडी? माझ्या मते हा नंतरचा प्रश्न आहे. आधी ठरवायचं ते हे, की मेलच्या वाटेवर फिल्टर कुठे उभा करायचा. ती जागा ठरली की फिल्टरच्या हातात काय राहतं आणि काय निसटतं तेही ठरून जातं. मग कितीही हुशार फिल्टर आणला तरी ते बदलत नाही.

मेल आत येताना काय होतं ते बघू. एसएमटीपी या मेलच्या भाषेत समोरचा सर्व्हर आपल्या पोर्ट २५ ला जोडला जातो, स्वतःचं नाव सांगतो, पाठवणाऱ्याचा पत्ता देतो, घेणाऱ्यांचे पत्ते देतो, मग मजकूर ओततो आणि शेवटी एका ओळीवर एकटं टिंब पाठवून थांबतो. त्या टिंबाला आपला सर्व्हर उत्तर देतो. उत्तर २५० आलं की मेल आपल्या ताब्यात आला. २००८ च्या आरएफसी ५३२१ (एसएमटीपीचा प्रमाण दस्तऐवज) प्रमाणे त्यानंतर तो पोचवायची, किंवा पोचला नाही तर पाठवणाऱ्याला कळवायची जबाबदारी आपली. ४ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे नंतर या, ५ ने सुरू होणारं म्हणजे घेत नाही. या दोन्हींत मेल समोरच्याकडेच राहतो.

आता फिल्टर २५० नंतर चालवला आणि त्याने सांगितलं की हा स्पॅम आहे, तर करायचं काय? पाठवणाऱ्याला कळवावं तर स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा खोटा असतो. आपला नकार भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात आणि असे नकार पाठवत राहिलं तर आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जातो. गुपचूप फेकून द्यावा तर कधीतरी खरा मेल फेकला जाणार, आणि ते ना पाठवणाऱ्याला कळणार ना घेणाऱ्याला. उरतो एकच पर्याय, शिक्का मारून जंक फोल्डरमध्ये टाकणं. म्हणजे सगळाच कचरा आपल्या डिस्कवर.

तोच फिल्टर २५० च्या आधी, म्हणजे दारातच, चालला तर ५५० म्हणून मोकळं होता येतं. स्पॅम पाठवणारं यंत्र त्या उत्तराकडे बघत नाही. पण खरा माणूस असेल तर त्याचा स्वतःचा सर्व्हर त्याला लगेच सांगतो की मेल पोचला नाही, कारण हे. मी एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतो, सत्तरेक मेलबॉक्स आहेत. ठेवीदाराचा मेल अडकला तर तो त्याला त्याच मिनिटाला कळतो आणि तो फोन करतो. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

म्हणून माझी मांडणी अशी: आरस्पॅमडी मिल्टर म्हणून. मिल्टर, म्हणजे मेल येत असतानाच तो फिल्टरला दाखवण्याची जोडणी, ही मूळ सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरची पद्धत, पोस्टफिक्सने ती २.३ आवृत्तीपासून घेतली. मेन.सीएफ फाइलमध्ये एसएमटीपीडी_मिल्टर्स या सेटिंगला १२७.०.०.१ वरचं ११३३२ पोर्ट द्यायचं, एवढंच जोडकाम. टिंब आलं की पोस्टफिक्स मेल आरस्पॅमडीकडे धरतो, तो गुण देतो, आणि त्यानुसार उत्तर जातं. मूळ मांडणीत ४ गुणांना ग्रेलिस्ट (तूर्त 'नंतर या'), ६ ला शिक्का, १५ ला नकार. शिकलेली माहिती रेडिस या डेटाबेसमध्ये. बरोबर स्थानिक डीएनएससाठी (नावावरून आयपी पत्ता शोधण्यासाठी) अनबाउंड.

तुम्ही कुठे जोडला आहे, आणि का, ते लिहा. वेगळं मत असेल तर जास्तच हवं आहे.

तुळस

मांडणी पटली, पण मी जुन्या पद्धतीवर आहे आणि ती इतकी वाईट नाही. आमच्याकडे अमाविस, म्हणजे पोस्टफिक्स आणि तपासणारे फिल्टर यांच्यातला दुवा. पोस्टफिक्स मेल घेतो, रांगेत ठेवतो, कंटेंट_फिल्टरमधून अमाविसला १००२४ पोर्टवर देतो. अमाविस आतून स्पॅमअसॅसिन आणि क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारा) चालवतो आणि तपासलेला मेल १००२५ वर परत देतो. तिथे पोस्टफिक्सचा दुसरा एसएमटीपीडी (मेल घेणारा भाग) ऐकत असतो. नेटवरची निम्मी जुनी मार्गदर्शकं हेच सांगतात.

याचा फायदा असा की फिल्टर हळू झाला तरी बाहेरच्या कोणाला कळत नाही. मेल रांगेत थांबतो आणि आपल्या गतीने जातो. क्लॅमएव्हीचा डिमन (मागे सतत चालणारा भाग) स्वतःच १ जीबीहून जास्त मेमरी खातो. सकाळी साडेदहाला सगळीकडून मेल येतात तेव्हा लहान सर्व्हरची दमछाक होते, ती रांग पोटात घेते.

नव्याने बसवणाऱ्यांसाठी एक सूचना. मास्टर.सीएफमध्ये १००२५ वाल्या ओळीखाली कंटेंट_फिल्टर रिकामा लिहिलाच पाहिजे. नाही लिहिला तर परत आलेला मेल पुन्हा अमाविसकडे जातो, पुन्हा परत येतो, आणि ५० उड्या झाल्यावर पोस्टफिक्स तो कंटाळून परत पाठवतो. लॉगमध्ये 'टू मेनी हॉप्स' दिसलं की आधी ही ओळ बघा.

रांगणा

तुळस, रांगेचा फायदा मान्य. पण अमाविसमध्ये स्पॅमचं अंतिम भविष्य काय ठेवलं आहे? बाउन्स (नकार कळवणं), डिस्कार्ड (फेकणं) की पास (पोचवणं)? रांगेनंतरच्या मांडणीत हे तीनच आहेत आणि तिन्हींचं दुखणं वर लिहिलं आहे. अमाविस मिल्टरमार्फतही चालतो, अमाविसडी-मिल्टर नावाचा जोड त्यासाठीच आहे. अमाविस सोडायचा नसेल तर निदान तो दारात आणा.

तुळस

पास ठेवला आहे, शिक्का मारून. बाउन्स कधीच नको. ज्यांना ठेवायचाच आहे त्यांनी डीएसएन (न पोचल्याची सूचना) कटऑफची पातळी तरी लावावी, म्हणजे ठरावीक गुणांच्या वर नकाराचा मेल निघत नाही. पण मग तो मेल गुपचूप गेलाच, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

मध्यरात्र

दारातल्या तपासणीची किंमतही लिहायला हवी. मेल तपासत असताना समोरचं कनेक्शन उघडं राहतं आणि तोवर आपली एक एसएमटीपीडी प्रक्रिया अडकून पडते. पोस्टफिक्समध्ये मूळ मर्यादा १०० प्रक्रियांची आहे. प्रत्येक तपासणीला दहा सेकंद लागले आणि बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्याने) एकदम दोनशे कनेक्शन उघडली, तर खऱ्या मेलला दार सापडत नाही.

म्हणून मिल्टरच्या पुढे पोस्टस्क्रीन हा पोस्टफिक्सचाच पहारेकरी हवाच. २०११ च्या पोस्टफिक्स २.८ पासून तो आहे. पोर्ट २५ वर पोस्टस्क्रीन एकटा बसतो, एकच प्रक्रिया शेकडो कनेक्शन सांभाळते. समोरच्याला तो अर्धवट स्वागत देतो आणि ६ सेकंद थांबतो. नीट लिहिलेला सर्व्हर आपली पाळी येईपर्यंत गप्प राहतो, घाईतलं स्पॅमयंत्र मधेच बोलायला लागतं आणि तिथेच पकडलं जातं. त्याच ६ सेकंदांत काळ्या याद्याही विचारून होतात. मजकूर बघायच्या आधीच मोठा गाळ निघून जातो आणि आरस्पॅमडीकडे थोडंच काम उरतं.

पोस्टस्क्रीन फक्त पोर्ट २५ वर. आपले वापरकर्ते ५८७ किंवा ४६५ ने येतात, तिथे त्याला आणू नका. आणि त्यातल्या 'खोल' चाचण्या, म्हणजे स्वागतानंतरच्या, सुरू करताना विचार करा. त्या पास झालेल्या सर्व्हरलाही पुन्हा येऊन जोडायला सांगतात, त्यामुळे पहिला मेल उशिरा पोचतो.

दुसरं, वेळेचं गणित. टिंबानंतर उत्तराची १० मिनिटं वाट बघावी असं आरएफसी सांगते. पोस्टफिक्स स्वतः मिल्टरला मजकुरासाठी ३०० सेकंद देतो. एवढा वेळ कधी लागता कामा नये. आरस्पॅमडी बहुतेक मेल एक-दोन सेकंदांत उरकतो, आणि तोही वेळ जास्त करून डीएनएसच्या उत्तरांची वाट बघण्यात जातो.

घाटमाथा

एक्झिम (पोस्टफिक्ससारखा दुसरा मेल सर्व्हर) वापरणारे आहेत का कोणी? आमच्याकडे सीपॅनेल (होस्टिंग चालवायचं पॅनेल) असल्याने एक्झिम आहे. एक्झिममध्ये मिल्टर नाही, पण गरजही नाही. ४.५० आवृत्तीपासून मजकूर तपासण्याची सोय आतच आली. एसीएल_एसएमटीपी_डेटा या नियमावलीत 'स्पॅम' ही अट लिहिली की एक्झिम स्वतःच स्पॅमडीशी (स्पॅमअसॅसिनच्या सेवेशी) ७८३ पोर्टवर बोलतो, आरस्पॅमडीशीही बोलतो. गुण बघून तिथेच 'डिनाय' म्हणता येतं. रांगणा म्हणतात ते दारातलं उत्तर एक्झिममध्ये दहा ओळींत होतं. गुणांची संख्या दहापटीत पूर्णांक म्हणून येते, म्हणजे ५ गुणांची मर्यादा ५० अशी लिहायची. हे न कळल्याने लोक नियम चालत नाही म्हणून बसतात.

केतकी_क

सगळे दाराबद्दल बोलत आहेत, मला पेटीबद्दल लिहायचं आहे, कारण लोकांचा संबंध तिथेच येतो.

६ ते १५ गुणांच्या मधला मेल नाकारता येत नाही, कारण त्यात खरे मेल असतात. आरस्पॅमडी त्यावर 'एक्स-स्पॅम: येस' असं शीर्षक लावतो (स्पॅमअसॅसिन 'एक्स-स्पॅम-फ्लॅग' लावतो) आणि डव्हकॉटमधली सिव्ह स्क्रिप्ट (मेल फोल्डरांत लावणारे नियम) ते बघून मेल जंकमध्ये ठेवते. स्क्रिप्ट प्रत्येक वापरकर्त्याकडे वेगळी नको, सिव्ह_बिफोर मध्ये एकच ठेवा. इथपर्यंत सगळी मार्गदर्शकं नेतात.

पण आपल्याकडच्या कार्यालयांत अजून किती जण आउटलुकमध्ये पॉप३ (मेल सर्व्हरवरून उतरवून घेण्याची पद्धत) वापरतात हे कोणी विचारात घेत नाही. पॉप३ ला फक्त इनबॉक्स दिसतो. सर्व्हरवरचं जंक फोल्डर त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. तिथे पडलेलं कोटेशन किंवा जीएसटीचं बिल त्यांना कधीच दिसत नाही. दारात नाकारला असता तर निदान पाठवणाऱ्याला कळलं असतं, इथे कोणालाच कळत नाही. म्हणजे तुम्ही डिस्कार्ड टाळलं, पण परिणाम तोच झाला.

आम्ही पॉप३ वाल्यांसाठी सिव्हची फाईलिंगच बंद ठेवली आणि मेलच्या विषयापुढे 'स्पॅम?' असं लिहून इनबॉक्समध्येच येऊ दिलं. आरस्पॅमडीत विषय बदलण्याची वेगळी पातळी आहेच. आउटलुकमध्ये त्यावर नियम लावून दिला. हळूहळू एकेकाला आयमॅपवर (सर्व्हरवरचे सगळे फोल्डर दाखवणाऱ्या पद्धतीवर) आणलं. ज्यांच्याकडे असे वापरकर्ते आहेत त्यांनी फिल्टर जोडायच्या आधी पॉप३ ची यादी काढावी. डव्हकॉटच्या लॉगमध्ये ती लगेच मिळते.

रांगणा

केतकीताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्या शाखांमध्येही पॉप३ आहे. उद्याच यादी काढतो.

दूरदेशी

मी जर्मनीत एका छोट्या संस्थेत हेच काम करतो. इथे मेल स्वीकारून न कळवता गायब करणं हा नुसता वाईट रिवाज नाही. दळणवळणाच्या गोपनीयतेबद्दल इथल्या दंडसंहितेत २०६ वं कलम आहे. एका विद्यापीठाने जुन्या कर्मचाऱ्याचे मेल अडवले होते, त्या प्रकरणात २००५ साली कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने म्हटलं की असं अडवणं या कलमाखाली गुन्हा ठरू शकतो. तेव्हापासून इथले अ‍ॅडमिन डिस्कार्ड शब्दाला घाबरतात. स्पॅम एकतर दारात नाकारतात किंवा शिक्का मारून पोचवतात.

दारातल्या पद्धतीची एक खरी अडचण मात्र कोणी लिहिली नाही. एकच मेल पाच जणांना असेल तर टिंबानंतर उत्तर एकच देता येतं. विक्री विभागाला सैल फिल्टर हवा, लेखा विभागाला कडक, असं असेल आणि दोघांना एकाच मेलमध्ये घातलं असेल, तर एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणायची सोय एसएमटीपीत नाही. एलएमटीपीत (मेल पेटीपर्यंत पोचवायच्या आतल्या भाषेत) प्रत्येकासाठी वेगळं उत्तर आहे, पण एलएमटीपी २५० नंतरच्या आतल्या वाटेवर चालतं.

मी नकाराची पातळी सगळ्यांना एकच ठेवली आहे, खूप वर, जिथे वाद होणारच नाही. आवडीनिवडी फक्त शिक्क्याच्या पातळीत, आणि त्या सिव्हमध्ये सोडवल्या आहेत. आरस्पॅमडी गुणांचं शीर्षक लावू शकतो, सिव्ह ते वाचून प्रत्येकाच्या पेटीत वेगळा निर्णय घेऊ शकते.

पाचगणी

हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा फिल्टर करणारी बाहेरची सेवा पुढे लावली तर? एमएक्स (डोमेनचे मेल कुठे द्यायचे ते सांगणारी डीएनएस नोंद) त्यांच्याकडे, ते गाळून आपल्याकडे पाठवतात. प्रामाणिक प्रश्न आहे, आमच्याकडे सर्व्हर बघायला पूर्णवेळ माणूस नाही.

मध्यरात्र

पूर्णवेळ माणूस नसेल तर तो चांगला मार्ग आहे, पण जोडणी तिथेही नीट करावी लागते. दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, एमएक्स बदलला तरी तुमच्या सर्व्हरचं पोर्ट २५ जगाला उघडंच असतं. स्पॅमवाले जुना पत्ता लक्षात ठेवतात आणि थेट मागच्या दाराने येतात. फायरवॉलमध्ये पोर्ट २५ फक्त त्या सेवेच्या पत्त्यांना उघडं ठेवा. दोन, आता तुमच्याकडे येणारा प्रत्येक मेल त्या सेवेच्या आयपीवरून येतो. तुमचा स्वतःचा एसपीएफ तपास (या आयपीला त्या डोमेनचे मेल पाठवायची परवानगी आहे का) तसाच चालू राहिला तर सगळं जग नापास होईल. स्पॅमअसॅसिनमध्ये ट्रस्टेड_नेटवर्क्स आणि इंटर्नल_नेटवर्क्स आहेत, आरस्पॅमडीत एक्स्टर्नल रिले नावाचं मॉड्यूल आहे. त्यात त्या सेवेचे पत्ते दिले की तपास मूळ पाठवणाऱ्याच्या आयपीवर होतो.

आणि तुमचा सर्व्हर त्या सेवेने दिलेला मेल नाकारू लागला, तर नकार लिहायचं काम त्या सेवेवर पडतं. म्हणजे बॅकस्कॅटर पुन्हा आला. आतल्या सर्व्हरने तिथे फक्त शिक्का मारावा. नसलेल्या पत्त्यांची यादी मात्र सेवेला आधीच द्या, म्हणजे ते त्यांच्या दारातच नाही म्हणतील.

खडकवासला

काळ्या याद्यांवर थोडं. स्पॅमहाउस या संस्थेची झेन यादी सगळे लावतात, लावावीच. पण ती ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारली तर स्पॅमहाउस उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा त्रुटीचा संकेत देतं. पोस्टफिक्समध्ये नुसतं झेनचं नाव लिहिलेलं असेल, तर कुठलंही उत्तर म्हणजे 'हा यादीत आहे' असाच अर्थ घेतला जातो. परिणाम: सगळ्या जगाचा मेल नाकारला जातो. व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) नव्या ठिकाणी हलवला, तिथल्या रिझॉल्व्ह फाइलमध्ये सार्वजनिक डीएनएस होता, आणि सकाळपासून एकही मेल नाही, अशा तक्रारी यातूनच येतात.

उपाय दोन आणि दोन्ही करा. अनबाउंड स्थानिक बसवा आणि तो दुसऱ्या कोणाकडे फॉरवर्ड न करता स्वतः मूळ सर्व्हरांपासून शोधेल असा ठेवा. आणि यादीच्या नावापुढे '=' चिन्ह देऊन १२७.०.०. नंतर २ ते ११ एवढीच उत्तरं ग्राह्य धरायला सांगा. मोफत वापर कमी वापराच्या आणि बिनव्यापारी सर्व्हरसाठी आहे, तेव्हा पतसंस्था किंवा कंपनी असेल तर त्यांच्या अटी वाचून घ्याव्यात.

उलट नावाच्या, म्हणजे आयपीवरून नाव शोधण्याच्या, तपासाबद्दलही. पोस्टफिक्समध्ये यासाठी दोन नियम आहेत. कडक नियम आयपीचं नाव आणि त्या नावाचा आयपी दोन्ही जुळायला हवेत असं म्हणतो. सौम्य नियम फक्त नाव असावं एवढंच बघतो. आपल्याकडची कितीतरी छोटी कार्यालयं, कारखाने, सीए मंडळी स्वतःच्या ब्रॉडबँडवरून किंवा कुठल्यातरी स्वस्त होस्टिंगवरून मेल पाठवतात आणि त्यांचं नाव जुळत नाही. कडक नियम लावला तर यांचे खरे मेल मजकूर न बघताच बाहेर राहतील. सौम्य लावा, जुळणीचे गुण आरस्पॅमडीला देऊ द्या.

तुळस

ग्रेलिस्टिंगचं काय करता? अनोळखी सर्व्हरला आधी ४५० म्हणायचं आणि पुन्हा आला की घ्यायचं, हे तत्त्व चांगलं. पण ओटीपी मेलवर येतात. पोस्टग्रे (ग्रेलिस्टिंगचा प्रोग्रॅम) मूळ मांडणीत ३०० सेकंद थांबवतो, आणि समोरचा सर्व्हर पुन्हा केव्हा येईल ते त्याच्या मर्जीवर. ओटीपी पोचतो तोवर त्याची मुदत संपलेली असते. मोठ्या सेवा तर दुसऱ्या वेळी दुसऱ्याच आयपीवरून येतात, मग पुन्हा थांबा.

रांगणा

म्हणूनच सरसकट पोस्टग्रे मी लावला नाही. आरस्पॅमडीचा ग्रेलिस्ट सगळ्यांना लागत नाही, फक्त ४ गुणांपासून पुढच्या संशयितांना लागतो. बँकेचा ओटीपी डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि एसपीएफ नीट असलेल्या सर्व्हरवरून येतो, त्याचे गुण सहसा तिथपर्यंत जातच नाहीत. फिल्टर मजकूर बघूनही अजून 'नंतर या' म्हणू शकतो, हा पुन्हा दारात असण्याचाच फायदा. रांगेनंतरच्या फिल्टरला ग्रेलिस्ट करताच येत नाही.

सुपारी

मराठी मेलचं कोणी बोलत नाही म्हणून विचारते. आम्ही एक छोटं प्रकाशन चालवतो. लेखकांचे मेल देवनागरीत येतात, काही जण अजून जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच मेलमध्ये चिकटवतात, तो इंग्रजी अक्षरांचा गाळ दिसतो. असे मेल सारखे जंकमध्ये जातात. काय करता येईल?

रांगणा

सुपारीताई, बेझ शिकवा, म्हणजे फिल्टरमधला शिकवलेल्या मेलवरून ओळखणारा भाग. याच कामासाठी तो आहे. बेझला भाषा कळत नाही, त्याला शब्दांचे तुकडे आणि ते कुठल्या बाजूला किती वेळा दिसले एवढंच कळतं. जुन्या फॉन्टचा गाळ आपल्याला निरर्थक दिसतो, पण 'आहे' हा शब्द त्या फॉन्टमध्ये दर वेळी त्याच अक्षरांनी लिहिला जातो. दोनशे-तीनशे चांगले मेल शिकवले की तेच तुकडे चांगल्या मेलची खूण होतात. आणि तसे तुकडे बाहेरच्या स्पॅममध्ये सापडत नाहीत, त्यामुळे ती खूण फार पक्की असते.

मात्र स्पॅमअसॅसिनचा बेझ किमान २०० चांगले आणि २०० वाईट मेल शिकल्याशिवाय तोंड उघडत नाही. आरस्पॅमडीतही २०० चीच अट आहे. लोक वीस मेल शिकवतात आणि काही फरक नाही म्हणून सोडून देतात. लेखकांच्या जुन्या पत्रव्यवहाराचं फोल्डर तुमच्याकडे असेलच, ते अख्खं चांगलं म्हणून एकदम शिकवा. स्पॅमअसॅसिन ४.० च्या आधीचं असेल तर नॉर्मलाइझ_चारसेट सुरू आहे का बघा, म्हणजे देवनागरी मजकूर कुठल्याही संकेतात आला तरी यूटीएफ-८ होऊन तपासला जाईल.

केतकी_क

यालाच जोडून. शिकवण्याचं काम अ‍ॅडमिनने करायचं नाही, वापरकर्त्यांच्या हातून आपोआप व्हायला हवं. डव्हकॉटच्या पिजनहोल या जोडात आयमॅपसिव्ह आहे. कोणी मेल जंकमध्ये ओढला की स्पॅम म्हणून शिकवायचा, जंकमधून बाहेर काढला की चांगला म्हणून शिकवायचा. लोकांना वेगळं काही सांगावं लागत नाही, मोबाइलवरूनही चालतं.

यात एक खाच आहे. जंक साफ करताना माणूस मेल डिलीट करतो, तेव्हा तो जंकमधून ट्रॅशमध्ये जातो. डव्हकॉटला ते जंकमधून बाहेर काढणंच वाटतं. स्क्रिप्टमध्ये ट्रॅशचा अपवाद लिहिला नाही तर साफसफाई करणारा प्रत्येक जण सगळा स्पॅम चांगला म्हणून शिकवत राहतो, आणि महिन्याभरात बेझ उलटा होतो. फिल्टर हळूहळू बिघडत चालला असं वाटलं तर आधी हे तपासा.

घाटमाथा

आरस्पॅमडी बंद पडला तर काय होतं तुमच्याकडे? मिल्टर_डिफॉल्ट_अ‍ॅक्शन काय ठेवलं आहे? बऱ्याच मार्गदर्शकांत 'अ‍ॅक्सेप्ट' दिसतं.

रांगणा

मी टेम्पफेल ठेवलं आहे, पोस्टफिक्सचं मूळ मूल्यही तेच. फिल्टर बंद असेल तर सगळ्यांना ४५१, मेल समोरच्यांकडे थांबतो, फिल्टर उठला की पुन्हा येतो. बहुतेक सर्व्हर काही दिवस प्रयत्न करत राहतात, पोस्टफिक्स स्वतः ५ दिवस करतो.

मध्यरात्र

इथे मी वेगळ्या मताचा आहे. फिल्टर शनिवारी रात्री पडला आणि सोमवारी कळलं, तर दोन दिवस एकही मेल नाही. इस्पितळ किंवा दूध संघ असेल तर ते परवडत नाही. तिथे अ‍ॅक्सेप्ट ठेवा, दोन दिवस स्पॅम सोसा. पोस्टस्क्रीन आणि काळ्या याद्या तोवर दार सांभाळतातच.

रांगणा

संस्थेवर अवलंबून आहे, मान्य. पण अ‍ॅक्सेप्टमध्ये धोका असा की फिल्टर बंद आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि बँकेच्या नावाचे केवायसीचे बनावट मेल थेट कारकुनाच्या समोर येतात. आमच्याकडे ते जास्त महाग पडेल. काहीही ठेवा, पण ११३३२ पोर्ट जिवंत आहे का हे बाहेरून तपासणारं काहीतरी हवंच. आणि रोज एकदा स्वॅक्सने (चाचणीचे मेल पाठवायचा प्रोग्रॅम) जीट्यूबची, म्हणजे फिल्टरने स्पॅम ठरवावी यासाठीच ठरलेली, ओळ असलेला मेल स्वतःलाच पाठवून बघावा. तो नाकारला गेला नाही, तर जोडणी कुठेतरी तुटली आहे.

पाचगणी

आमच्याकडे होस्टिंगवाल्याने 'बॅकअप एमएक्स' म्हणून दुसरा सर्व्हर दिला आहे. मुख्य सर्व्हरवर हे सगळं केलं तर त्यालाही करावं लागेल का?

दूरदेशी

करावंच लागेल, नाहीतर तो काढून टाका. स्पॅमवाले मुद्दाम कमी प्राधान्याच्या (मोठा आकडा असलेल्या) एमएक्सकडे जातात, कारण तिथे फिल्टर नसतो हे त्यांना माहीत आहे. तो सर्व्हर सगळं २५० म्हणून घेतो आणि मग तुमच्या मुख्य सर्व्हरला देतो. तुम्ही ५५० म्हणालात की नकार लिहिण्याची जबाबदारी त्याची, म्हणजे खोट्या पत्त्यांवर बॅकस्कॅटर तुमच्याच डोमेनसाठी सुरू. शिवाय त्याला तुमच्या वापरकर्त्यांची यादी माहीत नसते, त्यामुळे नसलेल्या पत्त्यांचे मेलही तो घेत बसतो.

पूर्वी सर्व्हर तासन्‌तास बंद राहायचे तेव्हा बॅकअपला अर्थ होता. आता पाठवणारेच काही दिवस मेल धरून ठेवतात. मी आमचा बॅकअप एमएक्स डीएनएसमधून काढला. तुम्हाला ठेवायचाच असेल तर त्यावर तोच पोस्टस्क्रीन, तोच आरस्पॅमडी, तीच पत्त्यांची यादी हवी. रेडिसही एकच ठेवता येतो, म्हणजे एका सर्व्हरवर शिकलेलं दुसऱ्यालाही मिळतं. फक्त तो रेडिस खाजगी नेटवर्कवर किंवा व्हीपीएनमध्ये ठेवा, इंटरनेटला उघडा सोडू नका.

मध्यरात्र

आणि जाणाऱ्या मेलसाठीही तीच जोडणी वापरा. ५८७ वरच्या एसएमटीपीडीलाही मिल्टर लावा. लॉगिन करून आलेल्यांना आरस्पॅमडी बऱ्याच तपासांतून सूट देतो, पण रेटलिमिटचं मॉड्यूल सुरू करून तासाला किती मेल ते ठरवून ठेवा. एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला की त्याच्या नावाने रात्रीतून हजारो मेल निघतात आणि सकाळी तुमचा आयपी झेनमध्ये असतो. मर्यादा असेल तर पहिल्या शंभरातच ४५१ लागतो आणि लॉग बोलायला लागतो. डीकेआयएमची सहीही तिथेच होते, त्यासाठी वेगळा ओपनडीकेआयएम लागत नाही. क्रॉनचे (सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे) मेल एसएमटीपीने येत नाहीत, म्हणून सहीसाठी नॉन_एसएमटीपीडी_मिल्टर्स मध्येही तोच पत्ता द्यायचा.